शेवगा आणि पांगारा

पद्मजा मगदूमनं डूख धरला तो एका वाक्यावरून. नवरा गेला म्हणून नव्हे. नवरे जातात, बायका रडतात आणि पुन्हा दळण-पाणी सुरू होतं, एवढी समज तिच्यापाशी होती. पण आपला नवरा कुणाच्या तरी विनोदात गेला हे कळलं, त्या दिवशी तिच्या पोटात जो निखारा पडला तो विझला नाही. तिनंही तो विझू दिला नाही. रोज फुंकर घालत राहिली.

गोष्ट फार लांबची नाही. आतड्याचा कॅन्सर तिशीतल्या पोरांनाही सर्रास होऊ लागला आहे, सांगली-पुणे बस ड्रायव्हरशिवाय धावते आणि कुणाचं यकृत कापायचं नि कुणाचं नाही हे सांगायला ‘तोल’ नावाचं यंत्र आहे, अशा दिवसांतली ही गोष्ट.

तोल समजल्याशिवाय पद्मजाचा राग समजायचा नाही, तेव्हा ते आधी उरकू. आतड्यांतलं रक्त अंगभर जाण्याआधी यकृतातून गाळून जातं. त्यामुळं आतड्यातल्या गाठीतून सुटलेल्या पेशी पहिला मुक्काम यकृतातच ठोकतात. इतर कॅन्सर असे पसरले की डॉक्टर बहुधा हात टेकतात. पण यकृत हा अवयव मोठा चिवट. अर्ध्याहून अधिक कापलं तरी उरलेलं वाढून काही आठवड्यांत कामाला लागतं. म्हणून तिथं पसरलेला रोग कापून काढता येतो, आणि कापलेल्यांपैकी बरीच माणसं पुढं वर्षानुवर्षं जगतात.

कोण जगेल, हा प्रश्न. त्याचं निम्मं उत्तर गाठीच्या जनुकांत असतं. ‘रास’ नावाचं जनुक बिघडलं की पेशीला वाढण्याचा हुकूम सुटतच राहतो. ‘पी-त्रेपन्न’ हे पहाऱ्यावरचं जनुक. ते बिघडलं की बिघडलेल्या पेशीला अडवणारं कुणी राहत नाही. दोन्ही एकदम बिघडली, तर गाठ काढली तरी दुसरीकडं लवकर उगवायची भीती मोठी. तोल हे सगळं जोखतो आणि रंग दाखवतो. हिरव्याचं ऑपरेशन होतं, लालला नुसती औषधं मिळतात. जे धड इकडं नाहीत की तिकडं नाहीत ते पिवळे, आणि त्यांच्यासाठी पुण्यात एक मंडळ बसतं.

मंडळाचे अध्यक्ष डॉ. उदयन बोडस. यकृतावर असा हात दुसऱ्या कुणाचा नाही, हे त्यांचे शत्रूही मान्य करायचे. त्यांनी कापलेला पेशंट दगावत नाही अशी ख्याती होती, आणि ती खरीही होती. ती कशी जपली जायची हे फारसं कुणी विचारत नव्हतं. मंडळापुढं येणाऱ्या पेशंटचं नाव-गाव झाकलेलं असे. पण माणसाला नुसता नंबर देणं क्रूरपणाचं, असं बोडसांचं म्हणणं. म्हणून त्यांनी प्रत्येक पेशंटला झाडाचं नाव द्यायची पद्धत पाडली. यंत्रच यादीतून एखादं झाड उचलून द्यायचं. हिरडा, करंज, बाभूळ. या पद्धतीचं वर्तमानपत्रांतून कौतुकही झालं.

महावीर मगदूम त्या खोलीत शेवगा होते.

सांगलीतल्या शाळेत ते गणित शिकवायचे आणि एनसीसी बघायचे. सव्वीस जानेवारी जवळ आली की खाकी कोटाची पितळी बटणं चिंच लावून घासत बसायचे. त्यांचा रंग पिवळा आला, मंडळानं नकार दिला आणि पुढच्या दिवाळीआधी ते गेले. त्यानंतर कायदा झाला की मंडळातलं बोलणं पेशंटला आणि त्याच्या घरच्यांना ऐकता येईल. पद्मजानं ते स्वयंपाकघरात फोनवर ऐकलं. आधी कपबशीचा आवाज. मग बोडसांचा, गोड, खर्जातला.

“पुढचा कोण? शेवगा. अहो, शेवग्याला कुऱ्हाड कशाला लावायची? तो वाऱ्यानंच मोडतो.”

खोलीत हशा पिकला. मग आवाज म्हणाला, “नकार. पुढचा.”

बस्स, एवढंच. चहा निवायच्या आत मगदूम सरांचा निकाल लागला होता. पद्मजानं ते पुन्हा पुन्हा ऐकलं, इतकं की झोपेतही तिला तो हशा कळायचा. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली ती खाली उतरलीच नाही.

ती आरडाओरडा करणारी बाई नव्हे. सूड घ्यायचा तर आधी त्या खोलीत शिरायला हवं, हे तिनं ओळखलं. महावीरच्या आजारपणात पोटावर पिशवी आली होती. आतडं कापल्यावर मळ बाहेर यायला पोटावर वाट करतात आणि तिथं पिशवी लावतात, ती. बाजारातले पट्टे त्यांना काचायचे, म्हणून पद्मजानं सुती पट्टे शिवले. ते गेल्यावर इतर पेशंट येऊ लागले आणि हेच तिचं काम झालं. पिशवीवाल्या माणसांची तिनं संघटना बांधली. मंडळात एक नागरिक सदस्य हवा म्हणून संघटनेनं दारोदार सह्या गोळा केल्या, मंत्रालयाचे उंबरे झिजवले. अखेर मंडळ तिघांचं झालं. एक सर्जन, एक जनुकतज्ज्ञ आणि एक नागरिक. दोन मतं पडतील तो निर्णय. पहिली नागरिक सदस्य म्हणून पद्मजाचंच नाव लागलं. सगळ्यांना वाटलं, बाईला समाजकार्याची तळमळ आहे. बाईला कसली तळमळ होती ते बाईलाच ठाऊक.

बोडस तिच्याशी अदबीनं वागायचे. ती आली की उठून उभे राहायचे, “या मगदूमबाई” म्हणायचे. तिच्या आडनावावरून त्यांना काही आठवलं नाही. आठवणार कसं? त्यांनी ते नाव कधी बघितलंच नव्हतं. नागरिक सदस्य आल्यापासून विनोद थोडे मवाळ झाले होते, एवढाच काय तो फरक.

तिसऱ्या सदस्य डॉ. तरन्नुम बागवान, जनुकतज्ज्ञ, वयानं तरुण, बोलायला फटकळ. त्यांनीच एकदा चहाच्या वेळी पद्मजाला यंत्राची मेख सांगितली.

“पद्मजाताई, तोल शिकला कशावरून? जुन्या ऑपरेशनांवरून. आणि त्यातली बरीचशी बोडस सरांची. सर वाईट जनुकांच्या पेशंटना हातच लावायचे नाहीत. लावला तर अगदी शेवटी, कुणी फारच गळ घातली तर. ते पेशंट ऑपरेशनमधून उठले, पण पुढं रोगानं गेले. यंत्रानं काय धडा घेतला? ही जनुकं असली की माणूस मरतो.”

“आणि वेळेवर कापलं असतं तर?”

“काही मेले असते, काही जगले असते. किती, ते कुणालाच माहीत नाही. ते आपण कधी बघितलंच नाही ना.”

पद्मजानं कप खाली ठेवला. नवऱ्याला कुणी मारलं याचं उत्तर तिला वाटत होतं त्याहून वाईट होतं. तो माणूस आपलं नाव स्वच्छ ठेवत बसला होता आणि यंत्र त्याच्याकडं बघून शिकत होतं. आता एकट्या शेवग्याचा हिशेब राहिला नव्हता. पण हातात काहीच नव्हतं. ती जायची, मत द्यायची आणि रिकाम्या हातानं सांगलीला परतायची.

त्या उन्हाळ्यात ईशान साठे तिच्या दारात आला.

कृष्णेत होड्यांच्या शर्यती लावणाऱ्या एका क्लबात तो पोरांना वल्हं मारायला शिकवायचा. रुंद खांदे, उन्हानं रापलेलं तोंड, आणि शर्टाखाली डाव्या बाजूला पिशवी. शर्यतीत धड बसता येईल असा पट्टा त्याला हवा होता.

“काकू, चिकटपट्टीचा पट्टा पाण्यात टिकत नाही. परवा वल्हं ओढताना सुटलाच. सगळ्या होडीची शोभा झाली.”

“मग होडीत बसायचंच कशाला म्हणते मी? पोटात एवढं रामायण चाललंय आणि तुला शर्यत सुचतीया.”

“शर्यत नसली तर मग नुसतं रामायणच उरतं की.”

पद्मजा हसली. पुष्कळ दिवसांनी हसली. टेपनं त्याच्या कमरेचं माप घेताना तिनं सहज विचारलं, पुढं काय म्हणतायत डॉक्टर. यकृतात गाठी आल्यात, तो म्हणाला. मिरजेत तपासलं, रंग पिवळा आला. पुढच्या आठवड्यात मोठा स्कॅन, मग पुण्याच्या मंडळाकडं.

“मी असते मंडळात,” पद्मजा म्हणाली. “पण तुझी केस आली तरी मला कळणार नाही. नावं झाकलेली असतात.”

“माहीत आहे. माझे वडीलही असतात तिथं. त्यांनाही कळणार नाही, तेच बरं आहे.”

टेप पद्मजाच्या हातात तशीच राहिली. “कोण वडील?”

“बोडस. आडनाव मी आईचं लावतो. मेडिकल अर्ध्यावर सोडून होडीत बसलो, तेव्हा म्हणाले, माझ्या घरी नावाडी जन्मला. आई गेल्यावर तर बोलणंच बंद झालं.”

“आणि हे आजारपण? हेही सांगितलं नाहीस?”

“सांगितलं तर ते नियम, यंत्र, सगळं गुंडाळून ठेवतील आणि स्वतः मला कापतील.” तो खिडकीतून नदीकडं बघत म्हणाला. “मला ते नको. बाकीच्यांना जे मिळतं तेच मला मिळू दे. इतकी वर्षं ते लोकांना सांगत आले, नियम म्हणजे नियम. बघू तरी तो नियम कसा लागतो.”

पद्मजा आतल्या खोलीत गेली. कपाटात महावीरचा खाकी कोट टांगलेला होता. त्याच्यासमोर ती उभी राहिली आणि तिच्या मनात जे आलं त्याची तिला लाज वाटली नाही, हे सांगून टाकायला हवं. तिच्या मनात आलं, सापडला. इतके दिवस ज्या माणसाच्या अंगाला कुठून हात घालावा कळत नव्हतं, त्याचं काळीज आपल्या पायानं चालत दारात आलं होतं आणि कमरेचं माप देत होतं.

तिनं कात्री घेतली आणि कोटाची तीन पितळी बटणं कापली.

पट्टा तिनं दुपारपर्यंत शिवला. जाड सुती कापड, दुहेरी शिवण, आणि पोटाच्या बाजूला तिरक्या ओळीत तीन बटणं. ईशाननं तो बांधून पाहिला, वाकला, वल्हं ओढल्यासारखे हात केले. पट्टा जागचा हलला नाही.

“झकास! आणि बटणं तर एकदम सरदारी आहेत.”

“माझ्या मालकांची आहेत. जपून वापर.” मग ती आवाज न बदलता म्हणाली, “आणि हे बघ, स्कॅनच्या वेळी पट्टा काढू नकोस. काढलास की पिशवी सुटती. तिथल्या माणसाला सांग, खाली कमरेला आहे, यकृताच्या फोटोत येत नाही. त्या स्कॅनला पितळ चालतंय.”

तो बरं म्हणाला. सांगितलेलं ऐकणारा मुलगा होता.

मंडळाच्या दिवशी पद्मजा पहाटेच्या बसनं निघाली. वाटेत तिनं काही खाल्लं नाही. बसमधल्या बायका मुलांना चिवडा भरवत होत्या, तिला तो वासही सहन होईना. मनात एकच चित्र घोळत होतं. बोडस आपल्या तोंडानं नकार देणार, आपला नकार त्याला जोडला जाणार, आणि एक दिवस त्या माणसाला कळणार की आपण कोणतं झाड तोडलं. तिनं हे चित्र इतक्या वेळा बघितलं की त्यातला ईशान तिला दिसेनासा झाला होता. उरले होते नुसते बोडस.

“या मगदूमबाई,” बोडस उठून म्हणाले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, चकचकीत चष्मा. डॉ. बागवान आधीच येऊन बसल्या होत्या. चहा आला, पडदा उजळला.

आधीच्या दोन केसेस निघाल्या. तिसऱ्या वेळी पडद्यावर अक्षरं आली, पांगारा. तिशीतला पुरुष. यकृताच्या उजव्या बाजूला चार गाठी. रास बिघडलेलं, पी-त्रेपन्न बिघडलेलं. औषधांनी गाठी चांगल्या आक्रसलेल्या. त्याखाली स्कॅन उलगडला. यकृत, मणके, आणि खूप खाली, कमरेच्या डाव्या बाजूला, तिरक्या ओळीत तीन पांढरेशुभ्र गोल.

पद्मजानं ओळखलं. महावीर चिंच लावून घासायचे ती बटणं. पुण्याच्या वातानुकूलित खोलीत, बोडसांच्या डोळ्यांसमोर.

प्रत्येक केसवर मतं घेण्याआधी अध्यक्षांनी विचारायचं असा नियम होता. ओळखीचा पेशंट निघाला तर त्या सदस्यानं उठून बाहेर जायचं. बोडसांनी विचारलं, “ओळखीचं कुणी?”

बागवाननी मान हलवली. पद्मजानं हलवली. आणि बोडसांनी, सवयीप्रमाणं, स्वतःचीही हलवली.

“हे खाली काय चमकतंय?” त्यांनी चष्म्यातून निरखत विचारलं. “बटणं? कमाल आहे. पट्टा काढून स्कॅन करायचा एवढंही कळत नाही खेड्यापाड्यांत.” मग ते खुर्चीत रेलले. “पांगारा. फुलं लाल, लाकूड फोल. दोन्ही जनुकं गेलेली, आत काय ठेवलंय? माझा नकार.”

“माझा होकार,” बागवान ठामपणानं म्हणाल्या. “वय कमी आहे, गाठी एकाच बाजूला आहेत, औषधाला दाद दिली आहे. भोवतीचं यकृत थोडं जास्त रुंद कापलं तर याला खरी संधी आहे, सर. जनुकं वाईट आहेत हे मान्य. म्हणून कापायचं कसं ते बदला. कापायचंच नाही हे कसलं उत्तर?”

“मगदूमबाई?” बोडस म्हणाले. “चेंडू तुमच्याकडं.”

इतकी वर्षं जपलेला क्षण तिच्या ओंजळीत होता. एक शब्द, आणि संपलं. जीभ टाळूला लावून तिनं तो शब्द तयारही केला. आणि नेमका तेव्हाच तिच्या मनानं तिला एक प्रश्न टाकला, अगदी रोखठोक. पोरगा मेला की पुढं काय?

पुढं बोडस रडतील. लोक सांत्वनाला येतील, वर्तमानपत्रं लिहितील, नियमाला जागलेला बाप, मुलाच्या बाबतीतही ज्यानं अपवाद केला नाही. हार घालतील त्या माणसाला! आणि मुलाची तसबीर भिंतीवर लावून तो त्या तसबिरीला स्वतःला हवी ती उत्तरं देत बसेल. तसबीर कधी उलटून विचारत नाही. महावीरची कधी विचारते का? या खोलीतलं बोलणं ऐकायचा हक्क पेशंटला आहे, पण ऐकायला आणि जाब विचारायला तो जिवंत हवा. धडधाकट हवा. रोज सकाळी उठून बापाच्या डोळ्याला डोळा भिडवणारा हवा.

“होकार,” पद्मजा म्हणाली.

बोडस मोकळेपणानं हसले. “मन मोठं आहे हो बाई तुमचं. पण मन मोठं असून यकृत मोठं होत नाही. असो. दोन विरुद्ध एक. जिथून केस आलीय तिथंच करू दे त्यांना. पुढचा.”

तेही सगळं ध्वनिमुद्रित झालं.

ईशाननं ते पद्मजाच्या ओसरीवर बसून ऐकलं. एकट्यानं ऐकायला नको, म्हणून तो आला होता. बापाचा आवाज आला तसा तो ओळखून हसला. ‘लाकूड फोल’ आलं तेव्हा हसू तोंडावर तसंच राहिलं, नुसतं त्याच्यातलं पाणी गेलं. सगळं संपल्यावर तो पट्ट्याच्या बटणांवरून अंगठा फिरवत बसला.

“काकू, बटणं दिसली म्हणाले ते.”

“हो.”

“पट्टा काढू नको म्हणालात, ते यासाठी?”

खोटं बोलणं सोपं होतं. पण बोडसांची पुरती फजिती व्हायची तर आपल्याकडंही काही झाकलेलं राहून चालणार नाही, असं तिला वाटलं. की त्या पोराच्या तोंडाकडं बघून खोटं सुचलंच नाही, देव जाणे.

“यासाठीच. तुला ओळखायचं होतं मला. ओळखून नकार द्यायचा होता. तुझ्या बापानं माझ्या माणसाला असंच हसत हसत मारलं. त्यांना म्हणाले, शेवगा वाऱ्यानं मोडतो. मी तुला मारायच्या बेतानं गेले होते, ईशान.”

 पोरगा उठून जाईल, पट्टा तोंडावर फेकेल, असं तिला वाटलं. ते रास्तच झालं असतं.

“मग मारलं का नाही?”

“मेलेला मुलगा बापाला जाब विचारत नाही.”

“तेवढ्याचसाठी?”

 पद्मजा उठून आत गेली आणि त्याच्यासाठी ताकाचा पेला घेऊन आली. त्यानं तो घेतला. त्याच संध्याकाळी त्यानं बापाला पुष्कळ दिवसांनी पहिला निरोप धाडला. पद्मजाला तो आधी वाचून दाखवला. “बाबा, पांगारा मीच. शुक्रवारी मिरजेत ऑपरेशन.”

शुक्रवारी पद्मजा मिरजेच्या इस्पितळात पोचली तेव्हा ईशानला आत नेलं होतं. ऑपरेशन थिएटरबाहेर नातेवाईकांचा लाकडी बाक होता. त्यावर एका टोकाला उदयन बोडस बसले होते. शर्टाला इस्त्री नव्हती. अशा बाकावर ते बहुधा आयुष्यात पहिल्यांदा बसले असावेत, कारण पाय कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. आत जायची परवानगी त्यांनी मागितली होती. तिथल्या सर्जननं हात जोडून सांगितलं होतं, सर, नियम आहे, पेशंटच्या वडिलांना आत घेता येत नाही.

पद्मजाला बघून ते उठले नाहीत.

“तुम्ही इथं?” मग तिच्या चेहऱ्यावरून त्यांना उमगलं. “तुम्हाला माहीत होतं. त्या दिवशी खोलीत तुम्हाला माहीत होतं.”

“होतं.”

“मग सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता.”

 बोडसांना अध्यक्षपद आठवलं. बुडत्या माणसाला काहीतरी धरायला लागतं. “हा गुन्हा आहे. ओळख लपवून दिलेलं मत मी रद्द करू शकतो.”

“करा की,” पद्मजा म्हणाली. “राजीनामा मी आज सकाळीच पाठवलाय. तुम्ही मत रद्द करा, दार वाजवा आणि आत जाऊन सांगा, थांबवा म्हणून. पोट उघडलंय आता त्याचं. जावा, सांगा.”

बोडस दाराकडं बघत राहिले. उठले मात्र नाहीत.

तेवढ्यात नर्सनं ईशानचे कपडे आणून बाकावर ठेवले. वर घडी घातलेला पट्टा होता. बोडसांनी तो उचलला, उलटसुलट केला, आणि त्यांचा अंगठा बटणांवर थांबला. ज्या पांढऱ्या गोलांना त्यांनी नावं ठेवली होती तेच हे, एवढं त्यांना कळलं.

“ती बटणं शेवग्याची,” पद्मजा म्हणाली.

“कुठला शेवगा?”

पद्मजाला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. या क्षणाची तिनं किती रूपं मनात घोळवली होती. तो चपापेल, खाली बघेल, माफी मागेल, नाहीतर उलट अंगावर येईल. तो विसरलेला असेल हे मात्र तिच्या ध्यानीमनी नव्हतं. जे वाक्य तिनं उशाशी घेऊन इतक्या रात्री काढल्या, ते त्या माणसाच्या डोक्यात दुसऱ्या दिवसापर्यंतही टिकलं नव्हतं.

तिनं ते म्हणून दाखवलं. त्याच्याच खर्जात, त्याच्याच लयीत, मधला हशा सोडून. “अहो, शेवग्याला कुऱ्हाड कशाला लावायची? तो वाऱ्यानंच मोडतो. नकार. पुढचा.”

बोडसांना अजूनही आठवत नव्हतं. पण आवाज आपलाच आहे हे त्यांनी ओळखलं, आणि तो आपण आता नातेवाईकांच्या बाकावरून ऐकतो आहोत हेही. आत त्यांचा मुलगा टेबलावर होता. 

“नाव काय होतं त्यांचं?” त्यांनी विचारलं.

“महावीर. महावीर मगदूम. म्हणा.”

“महावीर मगदूम,” बोडस म्हणाले. मग ते रडले, एखाद्या लहान मुलासारखे, आवाज न आवरता. पद्मजा बघत राहिली. इतके दिवस तिला वाटायचं की हे बघताना छाती थंड होईल. थोडी झालीही, खोटं कशाला बोला. पण तिचे डोळे पुन्हा पुन्हा त्या दाराकडं वळत होते, आणि मनात ती णमोकार मंत्र म्हणत होती, पण सूड पुरा व्हावा म्हणून नव्हे.

दार उघडलं. सर्जन बाहेर आले, कपाळावर घामाचा पट्टा.

“ईशान साठेंचं जवळचं कोण?”

बोडस उठून उभे राहिले. “मी. कसा आहे तो?”

सर्जन घुटमळले. आपल्या गुरूच्याही गुरूला हे कसं सांगावं, असा संकोच त्यांच्या चेहऱ्यावर होता. “सर, माफ करा. कुणाशी बोलायचं, शुद्धीवर येताना कुणाला आत घ्यायचं, हे पेशंटनं आधीच सांगून ठेवलंय. एकच नाव सांगितलंय.” ते बाकाच्या दुसऱ्या टोकाकडं वळले. “पद्मजा मगदूम आपणच का?”

पद्मजा उठली. 

“सगळ्या गाठी निघाल्या. रुंद कापलंय. पुढं ही जनुकं काय करतील ते मी आज सांगू शकत नाही, पण आज तो ठीक आहे. चला, पायाला कव्हर घाला.”

ती दाराशी पोचली आणि मागं वळली. बोडस उभेच होते, दोन्ही हातांत पट्टा धरून, आपल्याला कुणीतरी काहीतरी म्हणेल अशी वाट बघत. पाहिजे तर तिला म्हणता आलं असतं, चला डॉक्टर, तुम्हीही या. ईशाननं तिच्या शब्दाला नाही म्हटलं नसतं.

“पट्टा जपून ठेवा,” ती म्हणाली. “तो शुद्धीवर आला की मागेल.”

आणि ती आत गेली. दार आपोआप बंद झालं. बाकावर नातेवाईकांसाठी असतो तसा कुणीतरी चहा आणून ठेवला होता, तो निवत गेला.